पहेलवान पास्टर

आमच्या पास्टरचे दोन्ही कान फुटलेले होते. आखाड्यात घासून कानांची भजी झालेली माणसं तुम्ही पाहिली असतील, पण तसे कान घेऊन येशूची प्रार्थना सांगणारा माणूस कारंजा तालुक्यात तो एकच. नवीन माणूस आधी कान पाहायचा, मग हातातलं बायबल पाहायचा आणि दोन पावलं मागे सरकायचा. पास्टर म्हणायचा, "भेऊ नोको बाप्पा, मी आता रिटायर हाये."

मी त्याच्याशी सात वेळा लढलो. चार वेळा त्यानं मला पाडलं, तीन वेळा मी त्याला. तो लोकांना पाच-दोन सांगायचा, ते खोटं.

त्या काळात तो देवमाणूस नव्हता. एका जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत आर्वीकडच्या मल्लानं त्याला आईवरून शिवी दिली. यानं त्याला डोक्यावर उचलला आणि मुद्दाम पाठीवर आपटला. डफडं वाजायचं थांबलं. हाड मोडल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला आहे. तो मल्ल कमरेखाली मेला, वर जिवंत राहिला. त्याला मिशनच्या दवाखान्यात ठेवला होता. हा लपतछपत पाहायला गेला, तर केरळची एक सिस्टर त्या मल्लाच्या पाठीच्या जखमा धूत होती. हा दारात नुसताच उभा. तिला मराठी येत नव्हतं. हिंदीत खेकसली, "खड़ा क्यों है? पानी ला!" यानं पाणी आणलं. मग तो मल्ल मरेपर्यंत तीन वर्षं आणलं. पुस्तक नंतर आलं, आधी बादली होती.

राग त्याचा गेला नव्हता, मुळीच नाही. राग आला की तो दोन्ही पंजे मांडीखाली घालून त्यांच्यावर बसायचा. "हे दोन कुत्रे हायेत," म्हणायचा, "यायले दाबून ठेवा लागते." एकदा बाजारात एका टवाळानं त्याच्या थोबाडीत मारली. बसायला जागा नव्हती, म्हणून यानं हात पाठीमागे बांधले. मला ते सहन झालं नाही. मी त्या टवाळाचे दोन दात पाडले. पास्टर माझ्यावरच उखडला, "तुले कोनं सांगतलं व्हतं? गाल माया व्हता!"

त्याचं चर्च म्हणजे टिनाचं शेड आणि अकरा घरं. ढोलकी, झांजा, आपल्याच भजनाच्या चाली. भिंतीवर गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या येशूचा फोटो. मी चिडवलं, "हा तं इंग्रज हाये बे." तो म्हणाला, "फोटो तिकडच्या लोकायनं काढला, म्हनून त्यायच्यासारका दिसते. तो तं खेड्यातल्या सुताराचा पोट्टा. उन्हातान्हात फिरे. तुयापरीस काळा असन." एकदा कोरियाचे दोघे पाहुणे आले होते. ते सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करायचे, कापसाच्या लिलावासारखं. जेवताना ठेचा खाऊन दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तर पास्टर म्हणतो, "पाहा, आत्मा उतरला!"

परदेशी धर्म म्हणून कोणी डिवचलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "सोयाबीन तुया आज्यानं पेरलं व्हतं काय? तेबी बाहेरूनच आलं. आता तुयाच वावरात हाये ना?" मी त्याच्या धर्मात गेलो नाही, जाणारही नाही. माझा महादेव मला पुरे आहे. पण सोयाबीन मीही दर वर्षी पेरतो.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे मिझोरामचा एक पास्टर आला, बारीक डोळ्यांचा, गिटारवाला. गावात बोंब झाली की चीनचा माणूस लोकांना बाटवायला आला. पास्टरनं पारावर त्याचं आधार कार्ड फिरवलं. "पाहा रे, तुमच्यासारकाच इंडियन हाये." कोणी पाहिलं, कोणी पाहिलं नाही. पाहुणा शनिवारी परत गेला. रविवारी सकाळी, गाणं सुरू असताना, तोंडाला दुपट्टे बांधून बारा-पंधरा पोट्टे काठ्या घेऊन शेडमध्ये घुसले. "चिनी कुठे हाये?" ढोलकी फोडली. एका म्हातारीच्या डोक्यात काठी घातली. पास्टर बायकांच्या पुढे उभा राहिला आणि त्यानं हात मागे बांधले. तो हात चालवता तर पाच-सहा जण तिथेच आडवे झाले असते. त्यानं चालवला नाही. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या, आणि एकानं तर त्याचा उजवा हात मागून धरून पार मोडला.

मी वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. खांदा मागच्या बाजूनं निखळलेला, कोपर उलटं. ते पाहिलं आणि मी दाव ओळखला. तो दाव माझ्या बापाचा होता. हात पिरगाळायचा, गुडघा पाठीच्या फऱ्यावर रोवायचा आणि वरून झटका. बापानं मला शिकवला, मी माझ्या पोराला, गजूला. चौथ्या माणसाला तो येत नाही.

"कोन व्हता?" मी विचारलं.

"तोंडं बांधून व्हते. मी कोनाले पाह्यलं नाई."

"पाह्यलं नाई. पन वळखलं ना?"

त्यानं चांगला हात मांडीखाली सारला. "भाऊ, म्या माफ केलं. तू घरी जाय."

घरी गेलो. गजूला अंगणात बोलावलं आणि माझा हात मागे दिला. "धर मले."

"कायले, बाबा?"

"धर म्हनलं ना! आपला दाव विसरला काय?"

त्यानं धरला. गुडघा टेकवला. झटका द्यायच्या आधीच त्यानं हात सोडला.

"असाच धरला व्हता?"

तो मागेच उभा होता, तोंड दिसत नव्हतं. "हाव," म्हणाला.

मी वळलो आणि त्याला मारला. पंचवीस वर्षांच्या पोराला, पायातल्या जोड्यानं, रक्त निघेपर्यंत. त्यानं हात वर केला नाही. मग त्याला गाडीवर बसवून ठाण्यात नेला आणि माझ्याच हातानं सगळं लिहून दिलं.

पास्टर माझ्याशी चार महिने बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "माया माफीवर पाय देल्ला तू." मी म्हटलं, "माफी तुयी हाये, पोट्टा माया हाये." बाकीच्यांना त्यांच्या पुढाऱ्यानं जामिनावर सोडवलं. गजूला जामीन मंजूर झाला, पण मी जामीनदार राहिलो नाही. त्याच्या आईनं चुलीपुढे डोकं आपटलं, तरी नाही. भेटायलाही गेलो नाही.

पास्टर जायचा. दर बुधवारी, लोंबता हात गळ्यात अडकवून, एसटीनं वर्ध्याला. मला हे वर्षानं कळलं, तेही कंडक्टरकडून. मी भांडायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "त्याले बाप पाह्यजे. तू जात नाई, म्हनून मी जातो. तू गेला का मी बंद करतो."

तरी मी गेलो नाही. असा मी.

मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी पास्टर सकाळी दात घासता घासता पडला आणि संपला. त्याच्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधाला लागून, खड्डा खोदला. खोदायला मी होतो.

बुधवार आला. तुरुंगात पोरगा वाट पाहत असणार आणि सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून गेलो. जाळीपलीकडे तो माझ्या मागे पाहत होता. "काका नाई आले?"

"काका गेले. सोमवारी."

तो खाली बसला. मग म्हणाला, "माती कोनं देल्ली?"

"म्या."

"मी पाह्यजे व्हतो, बाबा."

दुसऱ्या दिवशी सातबारा घेऊन कोर्टात गेलो आणि जामीन राहिलो. संध्याकाळी त्याला सोडलं. गाडीवर बसताना तो म्हणाला, "पह्यले घरी नाई." मी विचारलं नाही कुठे. कारंज्यात थांबून एक फावडं विकत घेतलं. पावसानं धुऱ्यावर पास्टरच्या खड्ड्याची माती खचली होती, ती भरायची होती.