बापाच्या कडेवर

आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या देखत बापाने स्वतःचं पोर उचलायचं नाही, अशी रीत होती. ती कुणी सांगितलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छातीही नव्हती. भावाच्या पोराला खुशाल खांद्यावर घ्या, शेजाऱ्याच्या पोराला बत्तासा द्या. आपलं रडून लाल झालं तरी आपण गोठ्याकडं बघत बसायचं. आपलं पोर लाडानं घेणं म्हणजे चारचौघांत बायकोचे लाड करण्यासारखंच. सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत तेव्हा असंच चालायचं. मी फौजेत होतो, बर्फात पहारे दिले होते, डोक्यावरून गोळ्या जाताना ऐकल्या होत्या. पण आबा, म्हणजे माझे वडील, सोप्यात बसलेले असताना स्वतःच्या पोरीला हात लावायची माझी टाप नव्हती.

सत्तरचं दशक तेव्हा निम्म्याच्या वर सरलं होतं. कुंडलच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात आमचं घर. पहिल्या सुटीत पोरगी तान्ही होती, तेव्हा आबा मळ्यात गेले की मी माजघरात शिरून तिला बघून घ्यायचो. चोराला सुद्धा आपल्या चोरीचा माल जास्त वेळ हाताळायला मिळत असेल. दुसऱ्या सुटीला आलो तेव्हा ती पावणेदोन वर्षांची झाली होती, आणि मी म्हणजे तिच्या दृष्टीने आमच्या घरी जेवायला येणारा कुणी मिशीवाला पाहुणा. मी जवळ गेलो की ती आईच्या मानेत तोंड खुपसायची आणि एका डोळ्यानं मी गेलो का ते बघायची.

ती सगळा वेळ आईच्या कडेवर असायची. बायको पाणी शेंदायची तेव्हा कडेवर, म्हशीला पेंड घालायची तेव्हा कडेवर. भाकरी थापताना तेवढी पाठीला चिकटून उभी. चालता येत होतं, पण चालायचं कशाला, असा तिचा रोकडा विचार होता. त्यात मधे श्रावणात मी चार दिवसांच्या रजेवर धावती भेट देऊन गेलो होतो, तेव्हापासून बायकोला पुन्हा दिवस गेलेले, चौथा सरत आलेला. आईचा, म्हणजे माझ्या आईचा, उजवा हात गोठ्यात पडून मनगटात मोडलेला. हाडवैद्यानं पट्ट्या घालून तो गळ्यात बांधून ठेवला होता. आबांचे गुडघे गेलेले, काठीशिवाय उठता येत नव्हतं. म्हणजे पोरीला उचलणारं माणूस एकच, आणि नेमकं त्यानंच उचलायला नको होतं.

मी येऊन आठवडा झाला नसेल, बायकोच्या अंगावरून रक्त गेलं. मार्गशीर्षाचे दिवस, रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला. गाड्यांच्या मागं मागं सरकत आमची एस.टी. सांगलीला पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. पोरगी तिच्या आईच्या मांडीवरून हलायला तयार नव्हती, आणि बायको डोळे मिटून तिला तशीच धरून बसली होती.

तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, मग पोरीकडं बोट केलं आणि बायकोला नाही, मला सांगितलं, "हे पोटातलं राहायला हवं असेल, तर हिला आता आईच्या कडेवर द्यायचं नाही. पाण्याची घागर नाही, काही नाही. वाकायचं सुद्धा नाही. ऐकलं नाहीत, तर पुन्हा माझ्याकडे आणून उपयोग होणार नाही."

घरी आल्यावर हे मी आईला सांगितलं, आईनं आबांना सांगितलं, आणि सगळं घर विचारात पडलं. तिसऱ्या दिवशी माण तालुक्यातून माझी सासू आली. तिकडं पाऊस बेभरवशाचा, पण सासरच्यांच्या दावणीला शेळ्या होत्या. पोरीला मी घेऊन जाते, शेळीचं दूध पिऊन चांगली होईल, बाळंतपण झालं की आणून सोडते, असं ती म्हणाली. आईला पटलं. मलाही, खरं सांगायचं तर, पटलं. बायको तोपर्यंत खाली मान घालून बसली होती. लग्न झाल्यापासून तिचा आवाज सोप्यात कुणी ऐकला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "पोरगी गेली तर मीबी तिच्या मागनं जानार." सासू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटीच परत गेली.

मग राहिलो मी. सुटी दोन महिन्यांची होती, त्यातली बरीच शिल्लक होती, आणि हातीपायी धडधाकट असा घरात मीच होतो. मी मनाशी म्हटलं, चाळीस जवानांची तुकडी आपण सरळ करतो, ही वीतभर पोरगी काय चीज आहे.

त्या वीतभर पोरीनं माझ्या नाकीनऊ आणले. कँटीनमधून आणलेली बिस्किटं तिनं माझ्या हातातून घेतली आणि आईजवळ जाऊन खाल्ली. मी उचललं की ती अशी ताठ व्हायची की धरायचं कुठं तेच कळायचं नाही, आणि मग श्वास रोखून काळीनिळी पडायची. आतून बायको धडपडत उठायची. तिनं उठू नये म्हणून मी पोरीला खाली सोडायचो, पोरगी धावत जाऊन तिच्या पायाला मिठी मारायची, आणि बायकोचे हात आपोआप खाली जायचे. असं दिवसातून किती वेळा व्हायचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं. मी ओरडायचो बायकोवर, पोरीवर, एकदा तर म्हशीवर.

तोड काढली ती आईनं. तिनं बायकोचं वापरून मऊ झालेलं, न धुतलेलं एक लुगडं डाव्या हातानं माझ्याकडं फेकलं आणि खांद्यावरून घे म्हणाली. पोराला आईचा वास कळतो, माणूस मागनं कळतं, असं तिचं म्हणणं. मला आधी संताप आला. हवालदार माणूस मी, बायकोचं लुगडं पांघरून अंगणात फिरू? पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मी ते खांद्यावरून छातीवर घेतलं, मिशा त्यातच झाकल्या आणि पोरीला उचललं. ती ताठ झाली, रडायला तोंड उघडलं, मग नाक लुगड्यात खुपसून हुंगायला लागली. रडावं की नाही हे तिचं ठरेना. तेवढ्यात मी अंगणातून गोठ्याकडं चालायला लागलो, आणि ती राहिली.

सोप्यातून आबांचं खाकरणं ऐकू आलं. त्यांनी काठी घेतली आणि आमच्याकडं न बघता बाहेर निघून गेले. मी लुगड्यात घामानं भिजलो, पण पोरीला खाली ठेवलं नाही. पुढं रोजचंच झालं. मी पोरीला घेतलं की आबा खाकरायचे आणि मारुतीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. गुडघ्यांना एवढी चाल बरी नव्हती, पण त्यांना रीत सोडवत नव्हती आणि मला पोरगी. आठ-दहा दिवसांनी लुगड्याचीही गरज उरली नाही. ती माझ्या मिशा ओढायला लागली, तेव्हा मी ओळखलं की आपलं जमलं. बायकोचं रक्त थांबलं होतं. ती खाटेवर पडून शेंगा फोडायची आणि आमच्याकडं बघून पदरात हसायची.

एका सकाळी आबांचे एक चुलतभाऊ सोप्यात चहाला आले होते. मीही भिंतीला टेकून अदबीनं बसलो होतो. पोरगी माजघरातून आली, मधोमध उभी राहिली आणि माझ्यापुढं दोन्ही हात वर केले. आजवर मी घेतलं ते अंगणात, परड्यात, आबा उठून जायच्या बेतात असताना. असं समोरासमोर, पाहुण्याच्या पुढ्यात नाही. मी जागचा हललो नाही. पोरीचा ओठ मुडपला आणि ती आत वळली. दारात बायको उभी होती, आणि ती खाली वाकत होती.

मी उठलो, दोन ढांगांत पोरीला उचललं आणि कडेवर घेऊन सोप्यात उभा राहिलो. चुलते बशीतला चहा पिता पिता थांबले. मग हसून म्हणाले, "काय रं, फौजंत आता सुइणीचं काम शिकवत्यात व्हय?"

माझे कान तापले. आता आबा उठून जाणार, असं मला वाटलं. आबांनी काठी जवळ ओढलीही, पण ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "पोरगी त्येच्या कडंवर हाय. तुला कशाचं वज्जं हुतंय?"

चुलत्यांनी चहा संपवला आणि उसाच्या तोडीचं बोलणं काढलं.

त्या दिवशी दुपारी मी उसाला पाणी पाजत होतो आणि आबा बांधावर बसले होते. ते पाटाच्या पाण्याकडं बघत होते. मग म्हणाले, "तुमा चौघांतलं एकबी पोर म्या कडंवर घेतलं न्हाई. म्हातारा सोप्यात बसल्याला असायचा. म्हातारा गेला, तवर तुमी गुरं राखाया जात हुता." मी खोऱ्यानं पाट मोडून पाणी पुढच्या सरीत सोडलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये असं वाटत होतं.

सुटीचे शेवटचे आठ-दहा दिवस उरले. मी खुशीत होतो. पोट दिसायला लागलं होतं, डॉक्टरीणबाई दुसऱ्या खेपेला चक्क हसल्या होत्या. मी मोहीम फत्ते केल्यासारखा पोरीला घेऊन गावभर हिंडत होतो. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "आवं, तुमी गेल्यावर ती कुनाच्या कडंवर बसायची?"

माझे डोळे खाडकन उघडले. मी पोरीची कड बदलली होती, सवय तीच ठेवली होती. मी गेलो की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आईपुढं हात वर करणार, आणि आई वाकणार. इतके दिवस मरमर करून पोरीला जवळ आणलं, आणि आता मीच तिला खाली उतरवायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला उचलणं बंद केलं. ती हात वर करायची, मी बोट द्यायचो. ती अंगणात फतकल मारून बसायची आणि माझ्या नावानं गळा काढायची. मी शेजारी बसून राहायचो. बायको आत तोंडात पदर घालून बसायची, पण ती उठत नव्हती. असल्या वेळी मदत केली आबांनी. त्यांनी काठीचं एक टोक पोरीच्या हातात दिलं आणि मारुतीला जाऊ म्हणाले. त्यांना भरभर चालता येत नव्हतं, तिलाही येत नव्हतं. मी वाट बघत ओढ्यापर्यंत जाऊन आलो तरी दोघं निम्म्या वाटेवरच होती. शेणाच्या पोजवळ थांबत होती, कोंबडीशी बोलत होती. कुणालाच घाई नव्हती. चार दिवसांनी ती सकाळी उठून स्वतःच काठी ओढायला लागली.

निघायच्या दिवशी ती आबांबरोबर चालत एस.टी.च्या फाट्यापर्यंत आली. मला वाटत होतं, आता तरी ही हात वर करेल. केलेच तर उचलायचं की नाही, हे मी वाटेत दहादा ठरवलं आणि दहादा बदललं. गाडी आली. मी ट्रंक टपावर चढवली, आबांच्या पाया पडलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं हात वर केले नाहीत. तिनं धुळीतला एक खडा मला दाखवला आणि आबांबरोबर माघारी फिरली. मला हवं तेच झालं होतं, आणि तरी वळणापर्यंत मी खिडकीतून मान बाहेर काढून त्या दोघांकडं बघत होतो.

वैशाखात सांगलीला मुलगा झाला. दोघंही सुखरूप. ते पत्र मी तुकडीत सगळ्यांना वाचून दाखवलं आणि साखर वाटली.

पुढच्या सुटीला घरी आलो तेव्हा सोपा भरलेला होता. आबा होते, ते चुलतेही होते. पोरगी उंबऱ्याशी उभी होती, उंच झाली होती, केसांना रिबीन होती. मला या खेपेला कुणाचीच भीड वाटली नाही. मी ट्रंक खाली टाकली आणि सगळ्यांच्या देखत तिच्यापुढं दोन्ही हात पसरले. ती एक पाऊल मागं सरली, नीट विचार केला आणि आईच्या कडेवरच्या भावाकडं बोट दाखवलं.

"मी मोटी हाय. मी चालती. त्याला घ्या."

मुलगा मला बघून आधीच आईच्या मानेत तोंड लपवून बसला होता. माझे हात तसेच राहिले. मग मी तिथंच उंबऱ्याशी, बूट न काढता, मांडी घालून खाली बसलो. पोरगी थोडा वेळ उभी राहिली. आता उचलायचा प्रश्न नव्हता. ती आपल्या पायांनी चालत आली आणि माझ्या मांडीवर बसली.