बंगालचा कप्पा

कल्याण स्टेशनावर कलकत्ता मेलची वाट पाहत होतो, तेव्हा आमच्या ह्यांनी खिशातून सुतळीचा एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. सुतळीला एके ठिकाणी गाठ होती.

"ही कप्प्याची उंची," हे म्हणाले. "याहून उंच बाहुली आणलीस, तर तिला जन्मभर मान वाकवून उभं राहावं लागेल."

हे कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवतात आणि सुट्टीत सुतारकाम करतात. माझ्या बाहुल्यांसाठी काचेचं कपाट त्यांनीच केलं. मी सिनेमात काम करते. तरुणपणी नायिकेची मैत्रीण व्हायची, आता नायकाची आई होते. चित्रणासाठी ज्या मुलखात जाईन तिथली एक बाहुली आणायची, असा माझा नेम आहे. सावंतवाडीची लाकडी ठकी, तंजावरची मान डोलवणारी, जयपूरची चिंध्यांची, अशा सगळ्या कपाटात नांदतात. "मुलीसाठी का?" असं दुकानदार हटकून विचारतात. आम्हाला मूल नाही. पूर्वी मी "हो" म्हणून मोकळी होत असे. आता "माझ्यासाठी" म्हणते आणि लोक हसतात. हसू देत. चाळिशीतले पुरुष रविवारभर पत्ते कुटतात, त्यांना कोणी काही विचारत नाही.

दोन रात्रींचा प्रवास करून हावड्याला उतरले तेव्हा अंगावर कोळशाची पूड होती. उतरवून घ्यायला गोडबोले आले होते. सरकारी नोकरीत बदली होऊन ते कलकत्त्याला आलेले, माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या माहेरचे. पुलावरून टॅक्सी जाताना त्यांनी खाली नदी दाखवली, आणि मी मात्र माणसंच बघत राहिले. एवढी माणसं एकाच दिशेने चालताना मी फक्त जोतिबाच्या चैत्री यात्रेत पाहिली होती. इथे कुठलीच यात्रा नव्हती. साधा मंगळवार होता.

गोडबोल्यांचं बिऱ्हाड बालीगंजला. वहिनींनी पाट-पाणी केलं, पिठलं-भात वाढला आणि शेजारच्या बाईंनी पाठवलेलं मातीच्या गाडग्यातलं गोड दही पुढे सरकवलं. त्यांची धाकटी लेक माझ्याशी वाक्य मराठीत सुरू करी आणि बंगालीत संपवी. वहिनी कपाळाला हात लावत. मला मात्र तिचं सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सकाळी ट्राम पकडून टॉलीगंजला जायचं, तोंडाला रंग लावून घ्यायचा आणि बसायचं. सिनेमाचं काम म्हणजे बारा आणे बसणं आणि चार आणे काम, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. दिवे लागायचे, दिवे विझायचे, कोणीतरी कोणावर तरी ओरडायचं, आणि मी नदीकाठच्या झोपडीत चुलीपुढे बसलेली असायची. ती झोपडी म्हणजे आमचा सेट. हिंदी बोलपट होता, पण झोपडी अस्सल बंगाली, जमीन खऱ्या चिखलाने रोज सारवलेली. कमरेला त्याची ओल चढायची. संध्याकाळी वहिनी तिळाचं तेल गरम करून देत आणि विचारत, "हेच का तुमचं सिनेमाचं सुख?"

सुख सुट्टीच्या दिवशी असे. त्या दिवशी मी आणि वहिनी बाहुल्या हुडकायला निघायचो. नव्या बाजारात चिनी मातीच्या मडमा होत्या. त्यांना इथे आणायला बोटीचं तिकीट पडलं असेल, मग त्यांना बंगालचं कसं म्हणायचं? कृष्णनगरची मातीची माणसंही पाहिली, भिश्ती, कोळी, पूजा सांगणारे भटजी. काम इतकं हुबेहूब की भटजींच्या पोटाच्या वळ्यासुद्धा मोजून घ्याव्यात. पण मला बाहुली बाहुलीसारखी लागते. दिवसभर मी खऱ्यासारखं दिसण्याचंच काम करते, घरी तरी त्यातून सुटका हवी.

सरोजची ओळख एका काट्यामुळे झाली. दुपारच्या जेवणात मोहरीच्या रश्शातला इलिश मासा होता. कोल्हापूरची असल्यामुळे आपल्याला मांसमच्छीतलं सगळं कळतं, असा माझा तोरा. पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. डोळ्यांतून पाणी आलं, रंग ओघळला, मेकअपवाला हाय हाय करू लागला. तेवढ्यात कपडेपट सांभाळणारी बाई पुढे आली, तिने कोरड्या भाताचा मुटका करून माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "गिळून टाका दीदी, चावू नका." गिळला, काटा गेला. मग ती माझ्या पानातला मासा स्वतः निवडून देऊ लागली, लहान मुलाला देतात तसा. ती सरोज. तिशीची असेल. फाळणीत नवऱ्याबरोबर पद्मा नदीपलीकडचं गाव सोडून आलेली. हिंदी मोडकं बोले आणि बोलण्यापेक्षा हसे जास्त.

त्यानंतर एका सकाळी कामावर जाण्याआधी मी कालीघाटला उतरले. देवळाच्या गल्लीत एक म्हातारी फडक्यावर भाजक्या मातीच्या बाहुल्या मांडून बसली होती. त्यात ती दिसली. वीतभर उंच, नाक चिमटीने ओढलेलं, डोळ्यांच्या जागी दोन टिकल्या, खाली पाय नाहीतच, नुसता घेर. कडेवर मूल. मुलाला चेहरासुद्धा नव्हता, पण आईचा हात त्याच्याभोवती असा घट्ट होता की पाहत राहावं. मी सुतळी काढून मापली. कप्प्यात बसत होती.

म्हातारीने विचारलं, "मुलं किती?"

"नाहीत," मी म्हणाले.

तिने मान हलवली. ही माँ षष्ठी, तिने सांगितलं. आपल्याकडे सटवाई, तशी त्यांच्याकडे षष्ठी. मूल व्हावं, झालेलं जगावं, म्हणून बायका ही बाहुली झाडाखाली ठेवतात आणि मागणं मागतात. "तूही ठेव," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला मागायचं काही नाही, आवडली म्हणून कपाटात ठेवणार आहे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सासूबाईंनी माझ्या वतीने इतक्या देवांना इतकं मागून पाहिलं होतं की मी स्वतः कधीच तोंड उघडलं नाही. म्हातारीने बाहुली दिली, पण पुटपुटली, "ही कपाटात राहणारी नाही गं."

उशीर झाला होता. रंगपटात घाईघाईने रंग लावला आणि हातातल्या पिशवीसकट सेटवर धावले. पिशवी कुठे ठेवावी? खाली ठेवली तर कोणीतरी बसेल. झोपडीच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात बाहुली उभी केली आणि कामाला लागले. संध्याकाळी ती उचलायला गेले तर मागून आरोळी आली, "हात लावू नका!"

ओरडणारे शिबूबाबू होते. एका शॉटमध्ये जी वस्तू जिथे दिसली ती पुढच्या शॉटमध्येही तिथेच दिसली पाहिजे, हे डोळ्यांत तेल घालून पाहणं त्यांचं काम. त्याला कंटिन्युइटी म्हणतात. माझी बाहुली दिवसभराच्या प्रत्येक शॉटमध्ये दिसली होती. आता झोपडीचं चित्रण संपेपर्यंत ती सिनेमाची. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी नवख्या पोरीसारखी चूक केली होती. स्वतःची वस्तू दिव्याखाली ठेवायची नसते.

इथवर ठीक होतं. पण दिग्दर्शकांना ती आवडली. कथेत माझा मुलगा पुरात वाहून जातो. दिग्दर्शक म्हणाले, "आई घरात येते, कोनाड्यातली षष्ठी दिसते, आणि ती रागाने षष्ठीलाच जमिनीवर आपटते. तुकडे तुकडे!"

दिवेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गर्दीत उभं राहायला आणलेल्या बायकांपैकी एक सरळ बाहेर निघून गेली. मी म्हटलं, "बाहुली माझी आहे."

"दुसरी आणून देऊ," दिग्दर्शक म्हणाले.

दुसरी आणाल हो, पण तो हात तसा असेल का? हे मला त्यांना सांगता आलं नाही. आणि ज्याचं अन्न खातो त्याचं काम करावं लागतं. मी तयार झाले. खरं सांगते, त्या बाहुलीइतकं जड मी आयुष्यात काही उचललं नव्हतं. दिवे लागले, मी कोनाड्यापाशी गेले आणि डोळे मिटून बाहुली आपटली.

आवाजच आला नाही. जमीन सकाळीच सारवलेली, बाहुली ओल्या चिखलात कुशीवर रुतून बसली. नाकाचा टवका तेवढा उडाला. मूल कडेवर जसंच्या तसं. एक दिवेवाला वरून मोठ्याने म्हणाला, "माँ नाही म्हणतेय!" आणि सगळे हसले, पण ते हसणं सुटल्यासारखं होतं. दिग्दर्शकांनी वाकून पाहिलं, कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि म्हणाले, असंच चांगलं दिसतं. झालं! आता ती चिखलात पडलेली, हीच कंटिन्युइटी. शिबूबाबूंनी तिच्याभोवती काडीने पुसटसं रिंगण ओढलं.

नायक आजारी पडल्यामुळे काम लांबलं. बाहुली तिथेच पडून होती आणि मीही कलकत्त्यातच. दोघी एकाच खोळंब्यात. मग एका सकाळी रिंगणात जास्वंदीचं फूल दिसलं. शिबूबाबू रागावले, पण फूल फेकलं नाही. शॉटच्या आधी उचलून खिशात ठेवलं आणि शॉट झाल्यावर पुन्हा होतं तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताजं फूल. शिबूबाबू रोज फूल खिशात घालत, काढत. कोणाचं, ते सगळ्या सेटला ठाऊक असावं. मलाच उशिरा कळलं.

एके दिवशी लवकर पोचले, तर रिंगणापाशी सरोज वाकलेली होती. मला पाहून तिने पदर पोटावर ओढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"कितवा?" मी विचारलं.

"चौथा महिना. आधी दोन झाली, दोन्ही गेली. एक रस्त्यात, एक इथे." मग हसून म्हणाली, "दीदी, झाड कुठे शोधू? तुमची षष्ठी इथेच आली होती."

मला तिची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण आधी हेवा वाटला. माझीच बाहुली, आणि मागणं हिचं! मग त्या हेव्याची लाज वाटली, आणि तोंडातून एवढंच निघालं की जड पेटारे उचलत जाऊ नकोस.

झोपडीचं काम एकदाचं संपलं. शिबूबाबूंनी स्वतः बाहुली चिखलातून काढून, पुसून माझ्या हातात दिली. मी ती ट्रंकेत ठेवली. हो, ठेवली. सरोज माझे कामाचे कपडे मोजून घ्यायला रंगपटात आली तेव्हा ट्रंक उघडीच होती. तिने बाहुली पाहिली. आपल्या कपाटातून मऊ जुनेराचा तुकडा आणला, बाहुली त्यात गुंडाळली, कडेवरच्या मुलापाशी आणखी एक घडी घातली आणि माझ्या साड्यांच्या मधोमध जपून ठेवली, गाडीच्या धक्क्याने फुटू नये म्हणून.

मी ती गुंडाळी काढून तिच्या हातात दिली.

"ना ना दीदी, एटा तो आपनार (हे तर तुमचं)," ती मागे सरली.

"मी हिच्याकडे काही मागितलेलं नाही," मी म्हटलं. "तू मागितलंस. जिने मागितलं तिची ती."

सरोजने बाहुली आधी कपाळाला लावली आणि मग पोटाशी धरली. त्या दिवशी ती हसली नाही.

मी रिकाम्या हातांनी परतले. वहिनींनी वाटेसाठी दशम्या दिल्या, गोडबोल्यांनी हावड्याला खिडकीची जागा मिळवून दिली. बंगालने मला बाहुली सोडून सगळं दिलं, असं मनात म्हणत मी नागपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. घरी ह्यांनी कपाट पुसून ठेवलं होतं. मी सुतळी परत दिली आणि सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ह्यांनी कप्प्याची काच लावून टाकली. "बंगालचा कप्पा आहे, बंगालकडेच राहू दे," एवढंच म्हणाले.

सरोजचा पत्ता माझ्याकडे होता. पण विचारलं नाही. नको ते उत्तर आलं तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

वर्ष उलटून गेल्यावर बोलपट कोल्हापुरात लागला. आम्ही दोघं गेलो. पडद्यावर मी केस मोकळे सोडून झोपडीत शिरले, बाहुली आपटली, प्रेक्षक हळहळले. पुढच्या शॉटमध्ये उंबऱ्यात बसून मी रडत होते, आणि मागे चिखलात, बाहुलीशेजारी, एक काळा ठिपका होता.

मी खुर्चीत पुढे सरकले. शिबूबाबू चुकले होते. आधीच्या शॉटमध्ये तिथे काही नव्हतं, नंतरच्या शॉटमध्येही नव्हतं. त्या एकाच शॉटमध्ये ते फूल खिशात घालायचं विसरले होते, आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल फूल काळं उमटलं होतं. सबंध थेटरात ते कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

ह्यांनी हळूच विचारलं, "ते काय गं?"

"सरोजची जास्वंद."

जे व्हायचं ते कलकत्त्यात केव्हाच होऊन गेलं असणार, आणि आता मागायला उशीर झाला होता, हे मला कळत होतं. तरी त्या अंधारात मी पदराआड हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा षष्ठीकडे मूल मागितलं. सरोजसाठी.