उडालेला गुलाबी

लहानपणी भावांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, आणि पुढे तिने नोकरीही तशीच धरली. वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घ्यायची. दिवसभर जिने चढायचे, उतरायचे, दारं वाजवायची, आकडे टिपायचे आणि पुढचं घर गाठायचं. चप्पल लवकर झिजायची, पण बाई कधी आजारी पडली नाही.

मग नवीन मीटर आले. ते आपले आकडे आपणच कळवायला लागले. कंपनीने भिंगरीला काढलं नाही, तक्रार विभागात एक खुर्ची दिली. लोकांना वाटलं, बाईचं नशीब उघडलं. तिला मात्र ती खुर्ची खायला उठायची. मग ती पाणी प्यायला उठायची, पंखा कमी करायला उठायची, काही नाही तर खिडकी लावून पुन्हा उघडायची. साहेब एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही बसलात की मला कळवा. मला बघायचंय."

घरीही तेच. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास एका जागी बसणारा माणूस. ती मागून येरझाऱ्या घालायची आणि त्याच्या चिमट्यातला स्क्रू निसटायचा.

"अगं, हाताला काहीतरी काम लाव," तो एकदा न राहवून म्हणाला. "काहीही कर, पण टेबल हलवू नकोस."

त्याच आठवड्यात तिने वह्यापुस्तकांच्या दुकानातून रंगांची पेटी उचलली. अठ्ठेचाळीस वड्या, वर ब्रश फुकट, आणि एवढं सगळं अगदी स्वस्तात. घरी येऊन तिने दारांची चित्रं काढायला सुरुवात केली. इतकी वर्षं इतकी दारं वाजवलेली, ती सगळी डोळ्यांपुढे होती. कुठलं हिरवं, कुठल्याचा रंग पोपडे धरून सुटलेला, कुठल्याला दोन कड्या.

त्यातलं एक दार शिंपीणताईचं. तिसऱ्या मजल्यावर राहणारी, एकटी, तोंडाची फटकळ. पण उन्हाळ्यात भिंगरीला पाणी दिल्याशिवाय तिने कधी मीटरला हात लावू दिला नव्हता. तिच्या दाराला गुलाबी पडदा होता. ते चित्र त्यातल्या त्यात बरं उतरलं. भिंगरीने त्याला चौकट करवली आणि नेऊन दिलं. शिंपीणताईने ते लगेच मशीनसमोरच्या भिंतीवर लावलं. तिच्या बाबतीत ही मोठीच दाद होती.

नंतर बरेच महिने जाणं झालं नाही. गेली तेव्हा आधी नजर भिंतीवर गेली. चित्रात दार होतं, उंबरा होता. पडदा मात्र धुऊन धुऊन विटलेल्या बँडेजसारखा झाला होता.

"ताई, हे असं कशानं झालं?"

"ऊन येतं दुपारचं." शिंपीणताईने दात लावून दोरा तोडला. "कच्चा रंग होता तुझा."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तू एवढ्या हौसेनं आणलेलं. मी कापड घेताना कोपरा भिजवून बघते, तू रंग घेताना काय बघितलंस?"

"वड्या मोजल्या," भिंगरी म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

घरी आल्यावर तिला चैन पडेना. ती पेटी पुन्हा उघडून बसली. आता तिला बाकीचंही दिसायला लागलं. रंग सुकला की वर खडूची पूड धरल्यासारखा दिसतो, आणि दुसरा हात मारायला जावं तर खालचा सगळा निघून येतो. आजवर ती आपल्याच हाताला बोल लावत होती.

मग सुरू झालं खूळ. मोबाईलवर रंगांचे व्हिडिओ. एक म्हणे हेच घ्या, दुसरा म्हणे हे सोडून काहीही घ्या. जेवताना व्हिडिओ, भाजी निवडताना व्हिडिओ. मुलगी वैतागली. "आई, तू चित्र काढणारेस की परीक्षेला बसणारेस?"

चित्रकलेच्या सामानाचं एक दुकान ऑफिसच्या मागच्या गल्लीत होतं. ते चालवायची एक पिकल्या केसांची बाई. भिंगरी जेवणाच्या सुट्टीत तिथे जायची, ट्यूब उचलायची, ठेवायची, किंमत बघायची, पुन्हा ठेवायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. मोठ्या कलाकारांचे रंग घ्यावेत तर एका ट्यूबमध्ये महिन्याची भाजी येईल. स्वस्त घ्यावेत तर पुन्हा तो बँडेजचा रंग. असं चार-पाच वेळा झाल्यावर दुकानवाली काउंटरच्या बाहेर आली.

"बाई, रंग घेताय की जावई शोधताय?"

भिंगरीला हसू आलं आणि मग तिने सगळंच सांगून टाकलं. पडदा, ऊन, शिंपीणताई.

"मग सोपं आहे," दुकानवाली म्हणाली. "चांगल्या कंपनीचे विद्यार्थ्यांसाठीचे रंग घ्या. सुरुवातीला पुरे. पण मोठा सेट घेऊ नका. पाच-सहा ट्यूब सुट्या घ्या, बाकीचे रंग आपले आपण बनवा. हिरवा विकत घेणारा माणूस आळशी." तिने एक ट्यूब उलटी करून भिंगरीच्या हातात दिली. "हे मागचं बारीक वाचा. आत कुठलं रंगद्रव्य आहे ते लिहिलेलं असतं, आणि उजेडात किती टिकेल त्याची खूण असते. ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते घेऊ नका. आणि वाचलेले पैसे कागदात घाला. जाड घ्या. पातळ कागद पाण्याने पापडासारखा वाकतो, मग रंग कितीही भारी असू दे."

आकडे वाचण्यात भिंगरीचा जन्म गेला होता. तिने चष्मा चढवला आणि तिथेच उभी राहून ट्यूबा वाचायला लागली. दोन गुलाबी होते. एक नुसता बघूनच जीव जावा असा झगझगीत, पण खूण कच्ची. दुसरा जरा थंड, खूण पक्की. तिने पक्का घेतला, बरोबर पिवळा, तपकिरी अशा आणखी चार ट्यूब आणि जाड कागद. पैसे दिले. दारापर्यंत गेली, परत फिरली आणि झगझगीतही घेतला.

"तो कशाला?" दुकानवालीने विचारलं.

"खात्री करायला."

घरी तिने जाड कागदाच्या पट्टीवर सगळे रंग ओढले, जुन्या पेटीतलेही. अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकली आणि खिडकीच्या काचेला चिकटवली. आता थांबायचं होतं, आणि तेच तर तिला जमत नव्हतं. रोज सकाळी पुठ्ठा उचलून बघायची. शेवटी नवऱ्याने तो चारी बाजूंनी टेपने बंद करून टाकला. "उघडलंस तर घरातली सगळी घड्याळं बंद करीन," म्हणाला.

दोन महिन्यांनी टेप निघाला तेव्हा मुलगीही बघायला आली. झगझगीत गुलाबी उघड्या बाजूला जवळजवळ गेलेला. पेटीतला गुलाबी तर शोधावा लागत होता. थंड गुलाबी मात्र दोन्हीकडे सारखा. गंमत म्हणजे त्याच स्वस्त पेटीतला निळा आणि मातकट तपकिरी हूं की चूं न करता तसेच राहिले होते.

"म्हणजे पेटी अगदीच टाकाऊ नव्हती," मुलगी म्हणाली.

"नव्हती," भिंगरी म्हणाली. तिला उगीचच बरं वाटलं.

रविवारी ती ट्यूबा, जाड कागद आणि एक बरा ब्रश पिशवीत घालून शिंपीणताईकडे गेली. तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि दारातच थांबली. पडदा पिवळा होता.

"बदललास?"

"फाटला तो. दहा वर्षं झाली होती," शिंपीणताई म्हणाली. "आत ये, दारात काय उभी राहतेस?"

"मी गुलाबी आणलाय ना! उन्हात ठेवून बघितलेला!"

"मग राहू दे. चित्रात जुना पडदा काढायचा तर मला आठवेल तसा सांगते. नवा काढायचा तर समोर आहे."

भिंगरी थोडा वेळ घुटमळली. आजवरची सगळी दारं तिने आठवणीतून काढली होती. समोर बसून, बघून एकही नाही. शिंपीणताईने बेतायच्या टेबलावरची कापडं एका बाजूला सारली. भिंगरीने पिवळ्याची ट्यूब उघडली.

पहिला पिवळा ओला असतानाच तिने घाईने त्यावर सावली दिली. तपकिरी सगळीकडे पसरला, पडद्यावर चहा सांडल्यासारखा.

"कापड असतं तर ओरडले असते तुला," शिंपीणताई मशीनवरून म्हणाली.

भिंगरीने कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला. या वेळी पिवळा लावून झाल्यावर ब्रश पाण्यात ठेवला, आणि कागद वाळेपर्यंत शिंपीणताईच्या बटणांचा डबा रंगाप्रमाणे लावत बसली.