कोतवालाच्या गळ्यातला गरुड

अंदमानातल्या त्या बेटावर सर्पगरुडाची शीळ ऐकून मी वर पाहिलं. फांदीवर कोतवाल होता, नकला करणारा काळा पक्षी.

"त्याचीच शीळ," वनरक्षक जोसेफकाका हसले. "खरा गरुड पाच पावसाळ्यांत दिसला नाही."

पक्षिगणनेची वही त्यांच्या हातात होती. गरुड उरला नाही असं तिच्यात एकदा लिहिलं, की हे जंगल हॉटेलवाल्यांना मोकळं होणार होतं.

"मग दरवर्षी काय लिहिता?"

"शीळ ऐकली. तुम्हीही ऐकलीत ना, ताई? मग करा साक्षीदाराची सही."

खोट्याची मला चीड आहे. पण खोटं नेमकं कुणाचं? कोतवालाने ऐकलं तेच तो बोलत होता. कदाचित गरुड त्यानेही पाहिला नसेल, शीळ बापाकडून घेतली असेल. गेलेल्याचा आवाज परक्या गळ्यात राहिला होता आणि अख्खं जंगल त्याच्या आधाराने उभं होतं. जिवंत झाडांना मात्र स्वतःची साक्ष देता येत नव्हती.

मी सही केली. काकांनी ओल्या शाईवर फुंकर घातली.

"हा कोतवाल म्हातारा झालाय, ताई," ते हळूच म्हणाले. "याची पिल्लं बोटीच्या इंजिनाची नक्कल करतात."