पाय आत!

काटेवाल्याचं आणि त्याच्या साडूचं बोलणं बंद होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, आणि तरीही दोघं प्रत्येक सामन्याला मांडीला मांडी लावून बसायचे. कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल हॉलमध्ये मांडीला मांडी न लावता कुणाला बसताच येत नसे, त्याला ते तरी काय करणार?

हॉल कसला, खोकंच ते. पूर्वी तिथे कार्यशाळेची जुनी यंत्रं ठेवत. यंत्रं हलवून कुणीतरी मैदान आखलं, ते कसंबसं बसलंही, आणि मग लक्षात आलं की सामने बघायला माणसं येतात. तोवर भिंत आणि मैदानाची रेषा यांच्यामध्ये एक बाक मावेल एवढीच जागा उरली होती. बाक आठ जणांचा, बसायची बारा माणसं. तेरावा आला की तो "सरका जरा" म्हणायचा, सगळे सरकायचे, आणि कडेचा माणूस भिंतीला पोस्टरासारखा चिकटायचा. बाकी जनता दारात, खिडक्यांत आणि एकमेकांच्या खांद्यावर.

रेषा बुटांपासून वीतभर अंतरावर. त्या बाजूने चेंडू आत टाकायला खेळाडू आला की तो जवळजवळ बाकावरच्यांच्या मांडीवर बसे. म्हणून बाकाचा एक कायदा होता. चेंडू इकडे येताना ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, "पाय आत!" आणि सगळ्या रांगेने पाय एकदम बाकाखाली ओढायचे. पाहुण्यांचा खेळाडू असला तर आरोळी थोडी उशिरा यायची. मुद्दाम नाही हो. माणसाची जीभ कधीकधी जड होते.

दुसरा कायदा थेंबांचा. छप्पर पत्र्याचं. हॉल खचाखच भरला की सगळ्यांचा श्वास वर जाऊन थंड पत्र्याला लागायचा आणि पाणी होऊन खाली टपकायचा. बाहेर पावसाचा टिपूस नसला तरी आत थेंब. ते बघायचं काम काटेवाल्याचं. त्याने "पडला!" म्हणायचं, आणि कडेला बसणाऱ्या साडूने बाकाखालचं फडकं घेऊन पुसायचं.

काटेवाला म्हणजे दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारा. हातात पितळी वजनांची पेटी, कानावर पेन्सिल. कामात इतका शांत की दुकानदार विसरून जायचे, आत कुणीतरी बसलंय. काट्याजवळ जोरात श्वास घेतला तरी तो हलतो, मग बोलणार कुठून? दिवसभर आवरलेला तो सगळा श्वास मग तो हॉलमध्ये येऊन सोडायचा. त्याच्या आवाजाने पाहुण्यांचे दोन-चार नेम चुकले असतील, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

साडू चष्म्याच्या दुकानात कामाला. दोघांची ओळखच मुळी त्या बाकावर झाली. पहिलं वाक्य "जरा सरकता का?" आणि दुसरं "हा पंच आंधळा आहे का?" पुढे काटेवाल्याने बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी ह्याचंच स्थळ सुचवलं. सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा कसा आहे?" काटेवाला म्हणाला, "पाय वेळेवर आत घेतो." सासरे बरेच दिवस ह्या वाक्याचा अर्थ शोधत होते.

आणि नेमक्या पायावरूनच बिनसलं.

अंतिम सामना होता. आपला संघ एका गुणाने मागे, अगदी शेवटचे क्षण. कप्तान, ज्याला सगळे शिडी म्हणत, चेंडू आत टाकायला बाकाकडे धावत आला आणि काटेवाला-साडूच्या समोर धाडकन आडवा झाला. चेंडू गडगडत पाहुण्यांच्या हातात गेला. शिट्टी वाजली. सगळं संपलं. त्या शांततेत दारातून कुणीतरी विचारलं, "कुणाचा पाय होता रे?"

दोघांनी एकमेकांच्या बुटांकडे पाहिलं.

"तुझा होता," साडू म्हणाला.

"माझा? माझे केव्हाच आत होते. तुझेच लांब असतात, घोड्यासारखे!"

"घोड्यासारखे? दिवसभर काटे सरळ करतोस, जरा जिभेचाही कर की!"

"आणि तू लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतोस, स्वतःचा एवढा मोठा बूट दिसेना होय?"

एवढ्यावर तोंडं फिरली ती फिरलीच. बहिणी बहिणी एकमेकींकडे जायच्या-यायच्या, ह्यांच्यात मात्र चकार शब्द नाही. पण बाक कुणी सोडेना. जागा सोडली तर पाय आपलाच होता हे कबूल केल्यासारखं! बाकावर दुसरीकडे सरकावं, तर तिथे आधीच दुसऱ्याची मांडी.

मग दोघांना तिसरा माणूस सापडला: पंच.

"पंचसाहेब," काटेवाला ओरडे, "काही लोकांना चष्मे विकता येतात, लावता येत नाहीत!"

"पंचसाहेब," शेजारून उत्तर येई, "काही काटे कायम स्वतःकडेच झुकतात!"

पंच बिचारे घाबरून शिट्टी वाजवायचे. हळूहळू घरच्या गोष्टीही ह्याच मार्गाने जाऊ लागल्या. "पंचसाहेब, आमच्याकडे कुणाची तरी छत्री राहिलीय!" साडूच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि तो बरा होऊन पहिल्यांदा बाकावर आला, तेव्हा काटेवाला पंचावर खेकसला, "अहो, टाके ओले असताना माणसाने इतकं ओरडू नये, एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हाला?" पंचाने पोट चाचपून पाहिलं. साडू त्या दिवशी अगदी हळू आवाजात ओरडला.

असं सगळं छान चाललं होतं. मग कॉलेजने नवा हॉल बांधला.

जुना पाडण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं, आठवणी सांगायला. कुणी खिडकीतून पडल्याचं सांगितलं, कुणाला ह्याच दारात बायको भेटली होती. दोघं साडू आपापल्या जागी, मांडीला मांडी लावून. शेवटी शिडी उठला. आता पोट सुटलं होतं त्याचं. कुठेतरी शिकवत होता.

"माझी आठवण त्या पडण्याची," तो माइकमध्ये म्हणाला. लोक हसले. "अजून मला विचारतात, पाय कुणाचा होता? अहो, पाय-बिय काही नव्हता. तिथे पाणी होतं. थेंबावरून घसरलो मी."

साडूची मांडी ताठ झाल्याचं काटेवाल्याला मांडीनेच कळलं. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. त्याने सवयीने समोर पाहिलं. पण सामना नव्हता, म्हणून पंचही नव्हता. सगळे उठले, तसे तेही उठले आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले. म्हणजे दार एकच होतं. साडू खिडकीतून गेला.

"मग झालं की!" घरी बायको म्हणाली. "दोघांचेही पाय सुटले. जा, बोला आता त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"मी सांगू? इतकी वर्षं मला तरी कुठे विचारून बोलता?"

काटेवाला पेटीतली वजनं पुसत बसला. साडूशी वैर धरायला आता कारण उरलं नव्हतं, आणि शेजारी बसायलाही उरलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती ती ह्या दुसऱ्याची.

ती खरी ठरली. नव्या हॉलचं तिकीट आलं ते क्रमांकासकट, आणि क्रमांक वर, पार छपराजवळ. खुर्ची गुबगुबीत, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या. शेजारच्याचा कोपरसुद्धा लागत नव्हता. हवा थंड; छतावर थेंब शोधून मान दुखली, एक दिसेल तर शपथ. पंच तर इतक्या लांब की त्याला साडूच्या छत्रीचं सांगायचं म्हणजे पत्रच टाकावं लागलं असतं.

साडू त्याला खाली दिसला, दुसऱ्या रांगेत. टक्कल ओळखीचं. एका बाजूला अनोळखी माणूस, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी. सामना रंगला होता, पण काटेवाल्याचे डोळे त्या टकलावरून हलेनात. साडू एकदाही ओरडला नव्हता.

इतक्यात चेंडू रेषेबाहेर गेला. आपला खेळाडू तो उचलून आत टाकायला नेमका त्याच बाजूला धावला. काटेवाला उभा राहिला ते त्याला कळलंही नाही.

"पाय आत!"

अख्खा हॉल वळून वर बघायला लागला. रेषा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक ट्रक गेला असता. पण खाली, दुसऱ्या रांगेत, एका टकल्या माणसाने खाडकन पाय खुर्चीखाली ओढले होते. पलीकडच्या बाजूला जुन्या बाकावरचे अजून दोघं-तिघं विखुरलेले होते, त्यांचेही पाय गेले आत. लोक हसायला लागले.

साडूने मागे वळून वर पाहिलं.

"आतच आहेत!" तो तिथूनच ओरडला. "तेव्हाही आतच होते!"

मध्ये पंच नव्हता. वाक्य सरळ काटेवाल्यापर्यंत आलं.

"माझेही आतच होते!" काटेवाला पायऱ्या उतरत ओरडला. लोकांचे गुडघे ओलांडत, माफी मागत, तो दुसऱ्या रांगेपर्यंत पोचला. "पाणी होतं म्हणे तिथे! मग पुसलं का नाहीस? फडकं कुणाकडे होतं?"

"पुसेन कसा? थेंब दाखवायचा कुणी होता?"

"मी 'पडला' म्हणालो होतो!"

"तो शिडी पडल्यावर म्हणालास!"

काटेवाल्याने तोंड उघडलं. आठवून पाहिलं. मिटलं. शिट्टी वाजली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

"सरक," तो म्हणाला.

शेजारची खुर्ची सबंध रिकामी होती. तरीही साडू आपल्या खुर्चीत, दांडी आडवी येईपर्यंत, होता तितका सरकला.