एका हाताचं सांगा

मदतीला पुढे आलेला हात सुभद्रामावशी चापट मारून बाजूला सारायच्या. चापट लटकी नसायची, चांगली लागायची. मी उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथेच त्यांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. शौचाची वाट पोटावर डाव्या बाजूला काढली आणि तिथे कायमची पिशवी बसवली. पाचव्या दिवशी मी त्यांना पिशवी बदलायला शिकवत होते. जुनी सोडवायची, कातडी पुसून कोरडी करायची, नव्या पिशवीच्या चिकट चकतीला मापाचं भोक कापायचं, चकती पोटावर चिकटवायची, पिशवीचं खालचं तोंड दुमडून चाप लावायचा. माझं दहा मिनिटांत झालं. मावशींनी सगळं बघून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्ये दोन हाताचं झालं, सिस्टर. आता एका हाताचं सांगा."

त्यांचा डावा हात त्र्याण्णव सालच्या भूकंपात भिंतीखाली सापडला होता. तेव्हापासून बोटं मिटत नव्हती. काही दाबून धरायचं तर मनगट तेवढं कामी यायचं. हे केसपेपरवर लिहिलेलं होतं आणि मी वाचलंही होतं. तरी आम्ही सगळ्यांना म्हणतो तेच मी म्हणाले, "घरी कुणी असेलच ना करायला?"

"माजं हागणं काढाया माणूस ठिवू व्हय?" आवाज वॉर्डभर गेला. "आन् त्यो माणूस गावाला गेला म्हंजी? तवर दम धरू?"

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? दुपारी जेवताना लक्षात आलं, की बाईंनी विचारलेलं अगदी साधं होतं. नर्सिंगच्या अभ्यासात ते कुणी शिकवलं नव्हतं आणि इतक्या वर्षांत मलाही कधी सुचलं नव्हतं.

मग मी सुट्टीच्या दिवशी सास्तूरला त्यांच्या घरी जायला लागले. शिकवायला म्हणून गेले खरी, पण शिकले मीच. भूकंपानंतर सरकारकडून मिळालेल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. भिंतीला आरसा टेकवून खाली बसायच्या, पदराचं टोक दातात धरायच्या. चकती पायाच्या अंगठ्याखाली दाबून उजव्या हाताने लहान कात्रीने भोक कापायच्या. मी म्हणाले, "मावशी, पाय कशाला लावता?" तर म्हणाल्या, "साबणानं धुतलाय. तुमच्या दवाखान्याच्या टेबलापरीस साफ हाय." चाप डाव्या मनगटावर टेकवायच्या आणि वरून उजव्या तळव्याने दाबायच्या. पहिल्या महिन्यात तो कितीदा तरी निसटला, कितीदा तरी लुगडं खराब झालं. शिव्या द्यायच्या, धुवायच्या, परत बसायच्या. मी हात पुढे केला की चापट ठरलेली.

त्यांचा मुलगा मिलिंद पुण्यात नोकरीला. तो एकदा आला तो ठरवूनच. आईला पुण्याला न्यायचं, दिवसभराची बाई ठेवायची, घराला कुलूप लावायचं. वाईट मुलगा नव्हता. पण ऑपरेशन झाल्यापासून आईच्या पोटाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्यादेखत म्हणाला, "तिला एकटीला होणार आहे का सिस्टर हे?"

"सिस्टरला काय इचारतोस? म्या हितं बसलेय की." मावशींनी नवी पिशवी त्याच्यासमोर टाकली. "डाव्या बोटास्नी फडकं गुंडाळ. आन् ही थैली त्या कळशीला लाव. कळशी हालत न्हाय, तिला दुखत न्हाय, मधीच तिचं काय भाईर येत न्हाय. लई सोपं हाय तुला."

तो हसला. मावशी हसल्या नाहीत. अर्धा तास तो घामाघूम होऊन बसला होता. भोक वेडंवाकडं कापलं गेलं, चकतीला घड्या पडल्या, चाप उडून खाटेखाली गेला. मग मावशींनी आरसा लावला आणि स्वतःची पिशवी बदलली. त्याने तोंड फिरवलं तसं ओरडल्या, "हिकडं बग! बगायचं न्हाय, आन् न्यायचं म्हनं!" झाल्यावर हात धुऊन आल्या. "आता सांग, कुणी कुणाकडं ऱ्हायाचं?"

तो एकटाच पुण्याला गेला. पुढे सहा महिने आईशी फोनवर जेवढ्यास तेवढं बोलला. मावशींना त्याचं वाईट वाटायचं, पण त्यांनी माघार घेतली नाही. त्या घरात त्या पुढे दोन वर्षं राहिल्या. कॅन्सर यकृतात गेला तेव्हा शेवटचे आठ दिवस मिलिंद येऊन राहिला. गेल्या त्या स्वतःच्या घरात.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसकार्याच्या बौद्ध विधीला, मी गेले होते. बुद्धवंदना झाली, लोक बोलत बसले. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "सुटली बिचारी. परकराला नाडीसुदिक बांधता येत न्हवती. लेकरावानी खांद्यावरच्या पट्ट्याचा परकर घालायची. काय करायचं, नशीब!"

माझं डोकं सणकलं. "नशीब नाही," मी म्हणाले. मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या सगळ्यांसमोर सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मावशींना आडवं झोपवून पोटावर पिशवीच्या जागेची पेनाने खूण केली होती. मावशी म्हणाल्या होत्या, "डाक्टर, हितंच नाडी येती माजी. जरा खाली घ्या. एका हातानं दुसरीकडं बांधाया जमत न्हाय मला." डॉक्टर म्हणाले, "आता गाऊन घालायचा, मावशी," आणि पुढच्या खाटेकडे गेले. दोन बोटं खाली चाललं असतं का, एवढं विचारायला काय जात होतं? मी तिथेच शेजारी उभी होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं होतं. एवढी एकच वेळ त्यांनी मदत मागितली, आणि मी ट्रे उचलून डॉक्टरांच्या मागे गेले.