भिलाटीपासून सुरू होणारी यादी

"कोनले इचारं?" हातातली कात्री थांबवून आक्का विचारायच्या. घरमालकाने नळाची वेळ बदलली तरी हेच. कुणाला विचारलंत?

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या शेजारच्या खोलीत त्या साड्यांचे लोंबते धागे कापत. असं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला आपण भांडखोर म्हणतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं.

आमचं दोघींचं गाव एकच, खान्देशातलं, तापीकाठचं. एक दिवस मोबाइलवर जाहिरात आली: 'अस्सल खान्देशी गाव अनुभवा.' नदीकाठी तंबू, मालक बाहेरचा. गावाने रांधायचं, नाचायचं आणि फोटोत हसायचं.

मी तावातावाने दोन पानी पत्रक लिहिलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, इतलं कोन वाची? लिही, आमले कोनी इचारेल नही." तेवढंच छापलं.

ग्रामसभेला आम्ही डिंडोलीहून दोन जीपा भरून गेलो. सरपंच आक्कांचा पुतण्या. म्हणाला, "आक्का, तुम्ही तर आता सुरतच्या."

"मत मांगाले येस तवय मी कोठली ऱ्हास रे?"

सभा हसली आणि तंबूंचा बेत उडाला. पाहुणे घरोघरी उतरतील, पाळीपाळीने, असं ठरलं. मग आक्का म्हणाल्या, यादी भिलाटीपासून सुरू करा. म्हणजे गावाच्या टोकाच्या भिल्ल वस्तीपासून. वरच्या गल्लीतले, आक्कांचेच भाऊबंद, पुतण्याकडे वळले. पुतण्या हळूच म्हणाला, "तिथं पाहुणे जेवतील का?"

"नही जेवनात, ते आपला पाहुना नहीत."

हात वर झाले. थोडक्या मतांनी, पण यादी मंजूर झाली. त्या दिवसापासून भावकीने आक्कांशी बोलणं टाकलं. या यादीत त्यांचं स्वतःचं, गावातलं बंद घर शेवटून दुसरं होतं.

पाळी येण्याआधीच आक्का गेल्या. त्यांच्या घराच्या पाळीला मी मुद्दाम गावी गेले. घर बंद असेल, असंच धरून चालले होते. पाहुणे ओट्यावर बसलेले, आत चूल पेटलेली. भिलाटीतली एक बाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. किल्ली आक्कांनीच तिच्याकडे ठेवली होती.

शेजारच्या दारातून आक्कांची जाऊ ओरडली, "ए, तू या घरात कशी?"

बाईने मान वर केली नाही. "आज आक्काची पाळी आहे," म्हणाली, आणि भाकरी उलटली.